काट्यातली वजाबाकी

माझ्या मोठ्या जावेचा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. दूधवाल्यावर नाही, एस.टी.च्या कंडक्टरवर नाही, आणि इतकी वर्षं एका अंगणात राहून थोडाफार माझ्यावरही नाही. कारंजा लाडच्या वेशीबाहेर आमचं बागायत आहे. मेथी, पालक, वांगी, आणि सांबार, म्हणजे पुण्यामुंबईकडची कोथिंबीर. ते सगळं दीर आणि जाऊ बघतात. मी पॉलिटेक्निकमध्ये मायक्रोप्रोसेसर शिकवत होते. नोकरी संपली तेव्हा कॉलेजनं भंगारात काढलेली दोन-तीन जुनी किट्स मी घरी आणली. आठ बिटांची ती मशीनं, त्यांच्यासाठी मी स्वतः लिहिलेला असेम्ब्लर, जुन्या चिपा वाचायचं यंत्र, असा माझा संसार खिडकीजवळच्या टेबलावर मांडलेला असतो. जगात अजूनही बरीच हौशी माणसं असल्या मशीनांसाठी नवे प्रोग्राम लिहितात. त्यांच्यातले काही जण माझा असेम्ब्लर वापरतात आणि चुका कळवतात. जावेला हे सगळं रिकामपणाचे उद्योग वाटायचे.

तिचा खरा संशय होता भाजीबाजारातल्या अडत्याच्या काट्यावर. आमच्याकडे पालेभाजीही वजनावर जाते. जाऊ घरून मेथी तोलून न्यायची आणि अडत्याच्या काट्यावर ती कमी भरायची. रोज नाही. कधी बरोबर, कधी थोडी कमी, कधी चांगलीच कमी. अडत्याला विचारलं की तो म्हणायचा, "पानी निथळते ताई रस्त्यानं. पाला हाय तो." हे कारण खोटं म्हणता येत नव्हतं. पण पाणी रोज निथळतं, मग वजन रोज का घटत नाही, हा जावेचा प्रश्नही खोटा नव्हता.

त्यात एक बटण होतं. काट्याच्या लाल आकड्यांच्या डब्यावर, उजव्या कोपऱ्यात. प्रत्येक वेळी काट्यावरून माल उतरवला की अडत्या ते दाबायचा. बायकांची खात्री झाली होती की गोम त्या बटणातच आहे. तो म्हणायचा, "काटा उणा दाखवते म्हून दाबतो. दाबलं की शून्य होते." उलट कांदे-बटाटे आणणारे शेतकरी म्हणायचे की काटा चोख आहे, बाया उगाच बोंब मारतात. दरवर्षी वजनमापाचे साहेब येऊन लोखंडी वजनं ठेवून काटा तपासायचे आणि शिक्का मारून जायचे.

एक दिवस अडत्या तोच डबा हातात घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आकड्यांतला एक आकडा अर्धाच पेटत होता. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली. बाजारातले मेकॅनिक म्हणत होते, फेका आणि नवा घ्या.

"मग नवा का नाही घेत, भाऊ?" मी विचारलं.

"नवा आनला तर लोक म्हनतीन, सेटिंग करून आनला. हा सगळ्यायच्या ओळखीचा हाय. तुमी जुन्या मशीनी दुरुस्त करता असं ऐकलं."

उत्तर चांगलं होतं. मला ते जरा जास्तच चांगलं वाटलं.

तो गेल्यावर जाऊ पदराला हात पुसत आली. "त्याचा डब्बा आपल्या घरात कायले?"

"दुरुस्तीला दिलाय."

"तुलेच काहून देल्ला? गावात दुसरं कोनी नाही?"

मी डबा उघडला. एक टाका सुटला होता. तो जोडायला अर्धा तासही लागला नाही. डबा परत देऊन मोकळी झाले असते, पण आतली प्रोग्रामची चिप दिसली आणि मी थांबले. ही जुन्या पद्धतीची चिप होती. तिच्या पाठीवर काचेची छोटी खिडकी असते. खिडकीतून विशिष्ट प्रकाश आत सोडला की लिहिलेलं पुसलं जातं आणि नवं लिहिता येतं. ऊन लागून आपोआप पुसलं जाऊ नये म्हणून कारखान्यात त्या खिडकीवर कागद चिकटवतात. या चिपेवर कारखान्याचा कागद फाटून कडेला उरला होता आणि वरून साधी काळी चिकटपट्टी लावलेली होती. म्हणजे कारखान्यानंतर कुणीतरी ही खिडकी उघडली होती.

मी अडत्याला फोन केला. आतला प्रोग्राम वाचून पाहिला तर चालेल का, असं विचारलं.

"वाचा ना मॅडम. आपल्याले काय लपवाचं हाय?" तो हसला.

खरंच काही लपवायचं नसेल तर माणूस असा हसेल. आणि हे कुणाला वाचताच येणार नाही अशी खात्री असेल तरीही असाच हसेल. मी फोन ठेवला आणि चिप वाचायच्या यंत्रात बसवली.

असेम्ब्लर म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. मशीनला फक्त आकडे कळतात. माणसाला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून तो 'बेरीज कर', 'वजा कर', 'तिकडे उडी मार' असे छोटे हुकूम लिहितो आणि असेम्ब्लर त्यांचे आकडे करून देतो. याच्या उलट काम करणारं साधन म्हणजे डिसअसेम्ब्लर. त्याला चिपेतले आकडे द्यायचे आणि तो हुकूम परत लिहून देतो. माझा डिसअसेम्ब्लर मी वर्गातल्या मुलांसाठी लिहिला होता. तो साधा होता. पहिल्या आकड्यापासून शेवटपर्यंत जे सापडेल त्याचा हुकूम करायचा, एवढंच त्याला येत होतं.

मी वजाबाकीचे सगळे हुकूम लाल रंगात दाखवायला लावले. स्क्रीनवर यादी आली. सुरुवातीला काही ठिकाणी तुरळक लाल होतं, तेवढं असणारच. पण शेवटच्या भागात, सगळा हिशेब संपून वजन दाखवायची वेळ येते त्या जागी, दोन ओळी लाल. एका वजाबाकीला लागून दुसरी वजाबाकी. थोडं खाली आणखी एक.

मी शिकवलेल्या विषयात चोरी अशी डोळ्यांसमोर उभी राहील असं कधी वाटलं नव्हतं.

जाऊ मागे उभी होती हे मला कळलंच नाही. "लाल लाल काय हाय व?"

"वजाबाकी."

"आपल्या वजनातून?"

"अजून माहीत नाही, ताई. नीट बघू दे."

"आता काय पाहाचं राह्यलं?" असं म्हणून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालेभाजीवाल्या पाच-सहा जणी अंगणात येऊन बसल्या. त्यांना त्या लाल ओळी पाहायच्या होत्या. मी दाखवल्या. एक जण म्हणाली, "चला, आताच त्याच्या दुकानात जाऊ." मी त्यांना थांबवलं. मला थोडा वेळ द्या, म्हटलं. त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. ते पाहणं मला आवडलं नाही, पण त्याचा अर्थ कळला. अडत्याचा डबा माझ्या टेबलावर होता आणि मी म्हणत होते, थांबा.

त्या गेल्यावर मी पुन्हा त्या ओळी वाचल्या. जितकं वाचलं तितका संशय अडत्यावरून उठून माझ्याच साधनावर बसू लागला. लाल ओळींच्या आधी 'परत जा' असा हुकूम होता. त्याच्या लगेच पुढचा हुकूम असा होता की तो पाळला तर मशीनला परत जायची वाटच सापडू नये. असा प्रोग्राम चोरही लिहिणार नाही, कारण काटा दोन क्षणांत बंद पडेल. वर्गात एखाद्या मुलानं हे लिहून आणलं असतं तर मी विचारलं असतं, हे तू लिहिलंस की कीबोर्डवर मांजर चालली?

मी हुकूम बाजूला ठेवले आणि त्या जागेचे नुसते आकडे पाहिले. ते दहा होते. बरोबर दहा. लाल दिव्यांचा एक आकडा सात दांड्यांचा बनतो. कोणत्या दांड्या पेटवायच्या याचा एक आकडा मशीनला द्यावा लागतो. मी कागदावर सात दांड्या काढल्या आणि चिपेतला एकेक आकडा त्यावर मांडत गेले. पहिल्यानं शून्य उमटलं. दुसऱ्यानं एक. मग दोन, तीन. नऊपर्यंत सगळे ओळीनं आले. ती चोरी नव्हतीच. ती पाटी होती, शून्य ते नऊ कसे दिसतात त्याची. चार, पाच आणि नऊ या आकड्यांच्या आकृत्या माझ्या डिसअसेम्ब्लरला वजाबाकीचे हुकूम वाटल्या होत्या. हुकूम कोणता आणि नुसती माहिती कोणती, हे त्याला ओळखताच येत नव्हतं.

मी जावेला कागद दाखवला. तिनं तो बराच वेळ पाहिला.

"म्हंजे काल चोर होता आन आज नाही?"

"काल मशीननं चुकीचं वाचलं."

"तुयी मशीन."

"हो. माझी."

"त्यानं तुले काही देल्लं तर नाही ना?"

यावर रागावायला हवं होतं. पण ती बाजारात रोज उभी राहणारी बाई. घरच्या माणसालाही हे विचारणं तिला गैर वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही फारसं वाटलं नाही. मी एवढंच म्हणाले, "नाही दिलं."

अंगणात येणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या. बाजारात एक जण दुसरीला म्हणाली म्हणे, की मॅडमले डब्बा देऊन त्यानं आपल्या बाजूनं करून घेतलं. जावेनंच हे मला सांगितलं, आणि सांगताना माझ्या चेहऱ्याकडे बघत होती.

पुढचे काही दिवस मी डिसअसेम्ब्लर नव्यानं लिहिला. आता तो पहिल्या हुकुमापासून निघतो, प्रोग्राम जिथे जिथे उडी मारेल तिथे तिथे त्याच्या मागे जातो, आणि जिथे पाऊल पडत नाही ती जागा माहितीची समजून सोडून देतो. हौशी मंडळींपैकी एकानं मला हे फार पूर्वी सुचवलं होतं. तेव्हा गरज वाटली नव्हती.

नव्या यादीत लाल ओळी अगदी मोजक्या उरल्या. त्यातली एक नेहमीची, रिकाम्या काट्याचं वजन वजा करणारी. प्रत्येक काट्यात ती असते. पण ते रिकामं वजन किती धरायचं, हे ठरवणारा एक छोटा भाग होता. तो मी तीनदा वाचला. त्याचं म्हणणं असं: काटा शून्यावर असताना अगदी थोडं वजन दिसलं आणि ते जरा वेळ स्थिर राहिलं, तर तो कचरा समजायचा, आणि तेच नवं शून्य धरायचं. यात वावगं काही नाही. काट्यावर माती पडते, पाला चिकटतो, त्यामुळे शून्य हलू नये म्हणून चांगल्या काट्यांतही ही सोय असते. प्रश्न एकच होता, की 'अगदी थोडं' म्हणजे किती.

मी तो प्रोग्राम लॅपटॉपवरच्या नकली मशीनमध्ये चालवला आणि वजनाच्या जागी मनातले आकडे देऊ लागले. एकदम मोठं वजन दिलं, बरोबर दाखवलं. मग थोडं वजन दिलं आणि थांबले. स्क्रीनवर शून्य. आणखी थोडं दिलं आणि थांबले. शून्य. पुन्हा. शून्य.

मी खुर्चीत मागे टेकले. आता मला बाजारातला काटा दिसत होता. कांद्याचं पोतं दोन माणसं उचलून एकदम ठेवतात. वजनमापाचे साहेब लोखंडी वजनं एकदम ठेवतात. आणि माझी जाऊ सांबाराची एकेक जुडी, पानं मोडू नयेत म्हणून, मुळ्या बाहेर करून, नीट रचत ठेवते. घाईत जुड्या भराभर पडल्या की वजन बरोबर भरतं, सावकाश ठेवल्या की पहिल्या काही जुड्या कचऱ्यात जमा होतात.

मी डबा परत नेला तो दिवस आठवडी बाजाराचा होता. जावेला म्हटलं, तू पण चल, आणि सांबार घेऊन चल. दुकानात गर्दी होती. अडत्यानं डबा जोडला, आकडे पूर्ण पेटले, तो खूश झाला. मी त्याला विचारून जावेला म्हटलं, "ताई, रोज ठेवतेस तशीच ठेव. घाई करू नको."

तिनं एक जुडी ठेवली. लाल आकडा हलला आणि परत शून्यावर आला. दुसरी ठेवली. शून्य. ती ठेवत गेली. काट्याच्या पत्र्यावर सांबाराचा हिरवा ढीग झाला आणि वर शून्य होतं. कांदेवाले पुढे सरकून बघू लागले.

"आता सगळं उचल," मी म्हटलं.

तिनं कवेत धरून उचललं. डब्यावर उणे चिन्ह आलं आणि त्याच्या पुढे सांबाराचं पुरतं वजन.

अडत्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला आणि मध्येच थांबला. "मॅडम, मले खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. "उणं दाखवे म्हून मी दाबत होतो."

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं तो खरं बोलतोय. पण असं वाटण्यावर मी आता फार भरवसा ठेवत नव्हते. त्याला चिकटपट्टीबद्दल विचारलं. चिपेतलं लिहिलेलं कुणीतरी बदललं आहे, म्हटलं. मग त्यानंच सांगितलं की वडिलांनी दोन काटे एकदम घेतले होते. दुसरा केनवडला, त्याच्या मामाच्या गोदामात पडून आहे. "मी चिप आनून देतो," तो म्हणाला.

"नको. मी स्वतः जाते."

"मी पन येते," जाऊ म्हणाली. तिला तो चिप बदलून आणेल अशी भीती होती. आणि मी तिकडे एकटी जाऊन काय करेन, याचीही असावी.

वाशीमला गाडी बदलून आम्ही दोघी केनवडला गेलो. मांडीवर लॅपटॉप आणि चिप वाचायच्या यंत्राची पिशवी घेऊन मी बसले होते आणि ती खिडकीतून सोयाबीनची शेतं बघत होती. गोदामात पोत्यांमागे काटा सापडला. याच्या चिपेवर कारखान्याचा कागद जसाच्या तसा होता. मी तिथेच ती वाचली आणि दोन्ही प्रोग्राम शेजारी शेजारी ठेवले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखे. फक्त एका जागी एक आकडा वेगळा. 'अगदी थोडं' म्हणजे किती, तो आकडा. केनवडच्या काट्यावर तो चिमूटभर मातीएवढा होता. कारंज्याच्या काट्यावर एका भरल्या जुडीहून थोडा जास्त.

"कोनी केलं?" जावेनं विचारलं.

"ते यात लिहिलेलं नसतं."

अडत्याचे वडील खूप म्हातारे आहेत. दुकानाच्या मागच्या खोलीत खाटेवर असतात. परत आल्यावर दुसऱ्या दिवशी, जावेचा बाजार आटोपला तेव्हा आम्ही तिघं त्यांच्याकडे गेलो. मुलानं मोठ्यानं विचारलं, "बाबा, काट्यात काही करून घेतलं होतं का तुमी?"

"हो. अकोल्याहून मिस्त्री बलावला होता," ते लगेच म्हणाले. "पाला लय पडे काट्यावर. शून्य राहेच ना."

"किती ठेवायचं ते कुणी सांगितलं, काका?" मी विचारलं. "मिस्त्रीनं की तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग जावेकडे. तिच्या हातातल्या रिकाम्या टोपलीवर त्यांची नजर जरा वेळ राहिली.

"बाया लय हळू ठेवतात माल," ते म्हणाले. मग भिंतीकडे तोंड केलं. मी पुन्हा विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मुलगा खाली मान घालून उभा होता.

ते वाक्य मी तेव्हापासून अनेकदा मनात उलटसुलट केलं आहे. बाया हळू ठेवतात म्हणून दिवसभराचं काम रखडतं, एवढीच ती तक्रार असेल. किंवा नसेल.

अडत्यानं काटा बंद ठेवला आणि वजनमापाच्या साहेबांकडे अर्ज केला. मी केनवडचा आकडा घेऊन त्या भागाचे हुकूम नव्यानं लिहिले. काट्यानं एकूण किती कचरा माफ करायचा यालाही मर्यादा घातली, असेम्ब्लरमधून काढलं, नव्या चिपेत भरलं आणि खिडकीवर कागद चिकटवून त्यावर साहेबांची सही घ्यायला लावली. साहेबांनी लोखंडी वजनं मागवली आणि नेहमीप्रमाणे एकदम ठेवायला सांगितली.

"साहेब, तशी नका ठेवू," जाऊ पुढे होऊन म्हणाली. "लहान वजनं घ्या. एक ठेवा, थांबा, मंग दुसरं."

"का हो बाई?"

"आमी तसं ठेवतो."

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग अडत्याकडे. मग स्वतः उकिडवे बसून लहान वजनं एकेक करून ठेवली. प्रत्येक वजनाला लाल आकडा वाढत गेला. सगळ्या पालेभाजीवाल्या माना पुढे काढून बघत होत्या. शिक्का बसला.

घरी येताना जाऊ माझ्या बरोबरीनं चालत होती. मला वाटलं आता ती काही चांगलं बोलेल.

"त्या डब्यात आता जे लिहिलं हाय, थे तूच लिहिलं ना?" तिनं विचारलं.

"हो."

"आन थे वाचता कोनाले येते इकडं?"

"मलाच."

ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. "मंग आता तुह्यावर नजर ठेवा लागन," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात थट्टा नव्हती.

मी चालताना विचार केला. तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या आठवड्यात मी तो सगळा प्रोग्राम, प्रत्येक हुकुमापुढे इंग्रजीत आणि मराठीत अर्थ लिहून, हौशी मंडळींकडे पाठवला आणि कळवलं, यात कुठे वजाबाकी लपलेली दिसते का ते नीट पाहा. मी लिहिलं आहे म्हणून सोडून देऊ नका. त्यातला एक जण मराठी जाणणारा निघाला. त्यानं माझी एक किरकोळ चूक काढली. ती मी जावेला सांगितली तेव्हा तिनं मान डोलावली आणि सांबार निवडायला बसली.